वॉटरफोर्डचा हॉपर

बसा, चहा टाकलाय. उकळेपर्यंत सांगून टाकतो, कारण उकळी येईस्तोवर गप्प उभं राहणं मला जमत नाही. खरं तर सगळं प्रकरण त्या एका गोष्टीपायीच झालं. एका सभ्य, ऐंशी वर्षांच्या आजींसमोर मी हातात ड्रिल घेऊन उभा राहिलो आणि म्हणालो... नाही, थांबा. तिथून सुरुवात केली तर तुम्ही मला घराबाहेर काढाल. घर माझं आहे, तरी काढाल.

पहिल्यापासून सांगतो.

माझं नाव मंदार. नावात 'मंद' आहे, स्वभावात नाही. लिफ्टचं बटण मी तीनदा दाबतो. मायक्रोवेव्हला दोन मिनिटं लावली की दीड मिनिटाला दार उघडतो. लांबलचक मेसेज आला की पहिली ओळ वाचायची, उरलेलं 'असेल तसंच काहीतरी' म्हणून सोडून द्यायचं, ही माझी जुनी पद्धत. गंमत म्हणजे नोकरी कुठे, तर इथं आयर्लंडात, लिक्सलिपच्या कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यात! तिथं केसाच्या हजाराव्या हिश्श्याएवढी चूक चालत नाही. दिवसभर इतकं जपून वागावं लागतं, की संध्याकाळी माझ्याजवळची सगळी सावधगिरी संपलेली असते. घरी येतो तो उरलेला मी.

घर डब्लिनजवळ ॲडम्सटाउनला. मागे हातरुमालाएवढं अंगण, त्यात एक लाकडी शेड. बायको मुग्धा. आणि त्या उन्हाळ्यात तीन महिन्यांसाठी कोरेगावहून आलेले माझे वडील, आप्पा.

आप्पांनी पस्तीस वर्षं पिठाची गिरणी चालवली. भुवया पांढऱ्या झाल्या त्या वयानं की पिठानं, हे आईलासुद्धा नक्की सांगता यायचं नाही. का चालवली? तर मुलानं दळणं दळू नयेत, इंजिनियर व्हावं. मुलगा इंजिनियर झाला, आयर्लंडला आला, आणि आप्पा विमानातून उतरून घरी येतात तो काय, मुलगा मागच्या शेडमध्ये धान्य भरडत बसलेला!

"ह्ये काय रं?" आप्पांनी विचारलं.

"गिरणी आहे, आप्पा."

त्यांनी वाकून पाहिलं. खालून पाहिलं, वरून पाहिलं. "आमच्या गिरणीचं पिल्लू दिसतंय."

आता खरं सांगणं भाग होतं. "घरी बिअर करतो मी. बिअरला जव लागतात, मोड आणून वाळवलेले. त्याला माल्ट म्हणतात. त्याचं पीठ करायचं नाही, नुसतं भरडायचं."

मला वाटलं, आता आकाश कोसळणार. आप्पांनी चार दाणे तोंडात टाकले, चावले. "सातू गोड लागतोय," म्हणाले. "पिऊन पडू नगंस म्हंजी झालं." झालं! पंधरा वर्षं ज्याची भीती बाळगली, ते एका वाक्यात उरकलं.

पण गिरणीकडे बघून त्यांनी एक प्रश्न विचारला आणि माझ्या वर्मावर बोट ठेवलं. "ह्याच्या वरचा डबा कुठाय?"

हॉपर! वरचा तो निमुळता डबा, ज्यात धान्य ओतलं की आपोआप रुळांमध्ये उतरतं, त्याला हॉपर म्हणतात. मी गिरणी ऑनलाइन मागवली होती. दोन लोखंडी रूळ, एक दांडा. दांड्याला ड्रिल जोडलं की रूळ फिरतात. 'हॉपर वेगळा घ्यावा लागेल' असं त्या पानावर लिहिलं होतं म्हणे. तळाशी! तळाचं कोण वाचतं हो?

मग काय, डाव्या हातानं मगातून मूठ मूठ दाणे सोडायचे, उजव्या हातानं ड्रिल धरायचं, भरड खालच्या बादलीत पडायची. पाच किलो माल्टला दीड तास. दीड तास! मला मॅगीची दोन मिनिटं निभत नाहीत.

म्हटलं, हॉपर आपणच करू. त्यात काय आहे? ऑफिसातली पाण्याची मोठी रिकामी बाटली आणली, बूड कापलं, उलटी बसवली. तोंड इतकं अरुंद, की दाणे एकेक करून, रांगेत, शिस्तीत उतरायला लागले. पोस्टातल्या म्हाताऱ्यांसारखे. ती फेकली. मग प्लायवूड आणलं. मोजमापं घेतली, गणित केलं, चार बाजू ठोकल्या. 

आप्पा दारात उभे राहून बघत होते. "उतार कमी पडतोय. दाणा बसंल."

"आप्पा, मी कोन काढलाय. कॉम्प्युटरवर."

"बरं," आप्पा म्हणाले.

दाणा बसला. असा बसला, की हलवलं तरी हलेना, थोपटलं तरी हलेना. मला धीर कुठला? घेतला हातोडा, दिला एक ठोका. दाणे हलले. हॉपरच्या तळासकट हलले. तीन किलो माल्ट शेडभर, अंगणभर. दुसऱ्या दिवशी पहाटे मुग्धानं खिडकीचा पडदा सरकवला आणि म्हणाली, "मंदार, पलीकडच्या लूकन गावापासूनची सगळी कबुतरं आपल्याकडे जेवायला आली आहेत. ताटं कमी पडतील."

तुम्ही म्हणाल, एवढी घाई कशाला? सांगतो ना. आमच्या भागात घरी बिअर करणाऱ्यांचा एक क्लब आहे, दहा-बारा जणांचा. त्याचा म्होरक्या डेक्लन. दर उन्हाळ्यात सगळे जमतात, प्रत्येकानं आपली बिअर आणायची. मागच्या वर्षी डेक्लननं माझ्या बिअरचा घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "इंटरेस्टिंग." आता तुम्हाला इथली माणसं माहीत आहेत. 'ग्रँड' म्हणाले तर समजावं, जमलं. 'इंटरेस्टिंग' म्हणाले तर दुसरा घोट कुंडीला गेला! तो शब्द वर्षभर माझ्या कानात वाजत होता. या वेळी मी सगळ्यांदेखत सांगून बसलो होतो, वीस लिटर आणतो, आणि अशी आणतो की बघाच. जमायला उरले होते चार आठवडे आणि दोन दिवस. बिअर मुरायलाच चार आठवडे लागतात. म्हणजे हिशेब साफ, त्या शनिवार-रविवारी दळलं नाही तर वर्ष गेलं.

शुक्रवारी दुपारी जेवताना फोन बघत होतो. एक एक चमचा भात, दहा दहा मेसेज. आमच्या भागातल्या लोकांचा एक ग्रुप आहे, नको असलेल्या वस्तू देण्याघेण्याचा. कुणाचं कपाट, कुणाची सायकल. त्यात एका बाईंनी आपल्या मावशीसाठी मेसेज टाकला होता. पहिली ओळ अशी: 'हॉपरला नवं घर हवं आहे, फुकट, वॉटरफोर्डच्या अलीकडून स्वतः येऊन न्यावा लागेल.' खाली फोन नंबर. मग 'पुढे वाचा'.

पुढे कशाला वाचायचं? हॉपर आहे, फुकट आहे, नंबर आहे! अजून काय हवं माणसाला? मी फोन लावला.

आजींचं नाव ब्रीडा. आवाज म्हातारा पण खणखणीत. आमचं बोलणं झालं ते इंग्रजीत, मी मराठीतच सांगतो.

"हॉपर आहे ना अजून? कुणी नेला नाही ना?"

"आहे तर! हा काय, माझ्यासमोर बसलाय."

आता इथं एक लक्षात घ्या. इंग्रजीत त्या 'ही' म्हणत होत्या, म्हणजे 'तो'. पण मराठी माणसाला हॉपर 'तो'च! तो हॉपर, तो डबा, तो पंखा. मला खटकणार कसं? शिवाय इथली माणसं बॉयलर बंद पडला तरी 'ही इज गॉन' म्हणून हळहळतात.

"आकार केवढा आहे?"

"मोठा आहे हो. पहिल्यांदा बघणारा दचकतोच."

वा! "रंग?"

"करडा. एकसारखा, सुंदर करडा."

म्हणजे पत्र्याचा. जस्ताचा मुलामा दिलेला. माझं मन उड्या मारायला लागलं.

"धान्य किती घेतो एका वेळेला?"

"धान्य? छे, धान्य फार देऊ नका त्याला. अडकतं त्याच्यात. मागे एकदा शेजाऱ्यानं दिलं होतं, तर दोन दिवस सगळं तुंबलं होतं."

मी चमचा खाली ठेवला. बघा, उताराचाच प्रश्न! "मग तुम्ही काय केलंत?"

"काही नाही, हलक्या हातानं चोळत बसले. हळूहळू खालून मोकळं झालं."

चोळत! आणि मी मूर्ख हातोडा मारत होतो. "आवाज करतो का?"

"एरवी अजिबात नाही. चिडला की मात्र धपधप करतो."

बोल्ट ढिले असणार. ते मी आवळीन. "उद्या सकाळीच येतो. गाडीच्या डिकीत मावेल ना?"

"डिकीत?" आजींचा आवाज एकदम चढला. "डिकीत मुळीच नाही! पुढच्या सीटवर ठेवायचा, शाल गुंडाळून, आणि गाडी सावकाश न्यायची."

फोन ठेवला आणि माझे डोळे पाणावायचे बाकी होते. काय ही माणसं! एका पत्र्याच्या डब्यावर एवढी माया! आपल्याकडे गाडीला दसऱ्याला हार घालतात, तसंच हे.

शनिवारी सकाळी निघालो. मापाची टेप, नट-बोल्ट, ड्रिल, गोल भोक पाडायचं पातं, सगळं घेतलं. म्हटलं, आजींची हरकत नसेल तर तिथंच भोक पाडून गिरणीला बसवून बघू, गिरणीही घेतली. आप्पाही निघाले.

"डबा आनायला दोन तास जायाचं?" आप्पांनी पट्टा लावत विचारलं. "आरं, मला पत्रा नायतर जाड पुठ्ठा दे कुठलाबी. मी करून देतो."

"आप्पा, तयार मिळतोय. जुना, मजबूत, करडा."

"बघितलास का?"

"फोनवर सगळं विचारलंय."

"बरं," आप्पा म्हणाले. आप्पांचं 'बरं' कसं असतं ते एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल.

वाटेत त्यांनी दोनदा चहाचं विचारलं. मी थांबलो नाही. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलंच नाही, नुसते खिडकीतून गाई मोजत बसले.

आजींचं घर छोटं, बैठं, आत सगळीकडे खोकी बांधलेली. दार उघडलं तर लहानशी बाई, पांढरेशुभ्र केस, अंगात निळा स्वेटर. आप्पांकडे बघून मान झुकवली, मला म्हणाल्या, "या, या. तो आत आहे. सामान बांधतायत ना, सकाळपासून जरा बिथरलाय बिचारा."

हॉपर बिथरलाय? म्हटलं, वय झालंय आजींचं.

त्यांनी चहा ठेवला, ब्रेड कापला, लोणी काढलं. आप्पा खुर्चीत विसावले; अखेर चहा! मला मात्र बसवेना. एका हातात टेप, एका हातात ड्रिल, मी खोलीभर फिरतोय. खोक्यांच्या मागे बघतोय, टेबलाखाली बघतोय.

"बसा हो जरा," आजी म्हणाल्या. "मला आधी तुमच्याशी बोलायचंय. असा कुणाच्याही हातात नाही देणार मी त्याला. तुमच्याकडे कुठे ठेवणार?"

"शेडमध्ये. गिरणीवर बसवणार."

"कशावर?"

"गिरणीवर. पण आधी थोडं काम करावं लागेल. तळाला एक भोक पाडीन."

आजींचा कप ओठांपर्यंत जाऊन थांबला. "भोक."

"मोठं नाही. एवढंच." मी हातानं दाखवलं. वाटीएवढं. "आणि त्याला कान असतील तर ते कापून टाकीन. कान मध्ये येतात, नीट बसत नाही मग."

बघा, डब्याला धरायला बाजूला जे पत्र्याचे तुकडे असतात, त्यांना आपण कान म्हणतो की नाही? कढईचे कान, परातीचे कान! मी सरळ तेच इंग्रजीत म्हणालो.

आजींनी कप बशीत ठेवला. मला वाटलं, आजींना खर्चाची, पसाऱ्याची काळजी वाटतेय. धीर द्यावा म्हणून म्हणालो, "तुम्ही काळजी करू नका. दोन मिनिटांचं काम. इथंच करतो, जरा कागद अंथरू खाली." आणि खात्री पटावी म्हणून ड्रिलचं बटण दाबलं.

घर्रर्रर्र!

आजी उठल्या. ऐंशी वर्षांची बाई इतक्या चपळाईनं उठताना मी पाहिली नव्हती. शेकोटीजवळची लोखंडी सळई त्यांनी उचलली आणि माझ्या छातीवर रोखली. "बाहेर! आत्ताच्या आत्ता बाहेर! मी गार्ड्सना बोलावते!" गार्ड्स म्हणजे इथले पोलीस.

आप्पांनी ब्रेडचा तुकडा खाली ठेवला. "काय म्हनत्यात बाई?"

"पोलिसांना बोलावतायत."

"कशापायी? तू काय म्हनलास?"

"काही नाही! हॉपरचे कान कापतो म्हणालो."

तेवढ्यात सोफ्यामागून आवाज आला. धप! मग पुन्हा, धप धप!

आधी दिसले ते कान. एकेक वीतभर लांब. मग डोकं. मग बाकीचा तो. करडा, एकसारखा, सुंदर करडा, आणि आकारानं आमच्या कोरेगावच्या कुत्र्याएवढा. मधोमध गालिच्यावर येऊन बसला, माझ्याकडे बघितलं आणि मागचा पाय आपटला. धप!

"आरं," आप्पा म्हणाले, "ह्यो तर ससा हाय."

तुमच्या बाबतीत असं कधी झालंय का, की डोक्यात एकदम दहा दिवे लागतात आणि प्रत्येक दिव्यात आपलाच मूर्ख चेहरा दिसतो? धान्य अडकतं. चोळून मोकळं होतं. पुढच्या सीटवर शाल गुंडाळून. मी फोन काढला, तो मेसेज उघडला आणि 'पुढे वाचा' दाबलं. वीस ओळी! गोड स्वभावाचा ससा, उड्या मारतो म्हणून नाव हॉपर, वय सहा, माणसांची सवय, मुलांनी दंगा केलेला आवडत नाही. खाली फोटोसुद्धा!

मी आजींना सगळं सांगितलं. म्हणजे सांगायचा प्रयत्न केला. इंग्रजी कुठे पळालं कोण जाणे. गाडीतून गिरणी आणून दाखवली, रूळ फिरवून दाखवले, हातानं हवेत डबा काढून दाखवला. सळई हळूहळू खाली आली. आजी खुर्चीत बसल्या, दोन्ही हातांनी तोंड झाकलं, खांदे गदगदा हलायला लागले. मी घाबरलो. म्हटलं, रडवलं मी म्हातारीला.

त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होत्या. "कान मध्ये येतात म्हणे!" पुन्हा हसायच्या. मग हसता हसता कधी ते रडणं झालं, आम्हालाही कळलं नाही.

सोमवारी त्या डब्लिनला मुलाच्या फ्लॅटवर राहायला जाणार होत्या. तिथं प्राणी चालत नाहीत. चार जणांनी फोन केले, येतो येतो म्हणाले, कुणी फिरकलं नाही. "आलात ते तुम्ही एकटे," त्या म्हणाल्या, "आणि आलात ते ड्रिल घेऊन."

सॉरी सॉरी म्हणत मी गिरणी उचलली आणि आप्पांना म्हटलं, चला. मला तिथून पळायचं होतं. एक क्षणही उभं राहवत नव्हतं.

पण आप्पा हलेनात. आप्पा खुर्चीतून उतरून गालिच्यावर मांडी घालून बसले होते. तळहात उताणा, जमिनीला टेकवलेला. सशाला हाका मारत नव्हते. ससा आला. हुंगलं. थांबला. मग एवढा मोठा देह आप्पांच्या मांडीला टेकवून पसरला. आप्पा त्याच्या दोन कानांच्या मधे बोटानं खाजवायला लागले. घाई नाही, काही नाही. पस्तीस वर्षं दळण पडायची वाट बघितलेला माणूस तो!

"इचार बाईंना," आप्पा म्हणाले, "खातो काय ह्यो?"

"आप्पा, आपण हॉपर न्यायला आलो होतो."

"ह्यो हॉपरच हाय की. इचार."

मी विचारलं. आजींनी सांगितलं: मुख्य म्हणजे सुकं गवत, थोडा पाला, गाजर क्वचित. आप्पांनी मान डोलावली. त्यांनी मराठीत विचारायचं, आजींनी इंग्रजीत सांगायचं, आणि मध्ये मी दुभाषा. थोड्या वेळानं तर माझ्या लक्षात आलं, मी अजून बोललेलो नसताना दोघं पुढच्या प्रश्नावर गेलेत.

शेवटी आजी मला म्हणाल्या, "मी त्याला तुमच्या वडिलांना देतेय. तुम्हाला नाही, हे लक्षात ठेवा. आणि ते," ड्रिलकडे बोट, "ते डिकीत जाईल."

तर असे परतलो. ड्रिल डिकीत. हॉपर पुढे, वेताच्या टोपलीत, शाल गुंडाळून, आप्पांच्या मांडीवर. निघताना आजींनी आप्पांचा हात दोन्ही हातांत धरला. आप्पा म्हणाले, "काळजी करू नगा, ताई. ल्येकरागत सांभाळतो." मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तर आजींनी मलाच हातानं गप्प केलं. दर रविवारी फोनवर तो दाखवायचा, एवढं वचन त्यांनी घेतलं. आणि मी गाडी सावकाश चालवली. आयुष्यात पहिल्यांदा. ट्रॅक्टरनं मला ओव्हरटेक केलं.

घरी मुग्धानं दार उघडलं. टोपलीत पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मी पाच वाक्यांत सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "बरं झालं, तुला क्रेन आणायला नव्हती सांगितली. सारस पक्षी घेऊन आला असतास, तोही इंग्रजीत क्रेनच." आणि टोपली उचलून आत गेली. अर्ध्या तासानं बघतो तर हॉपर आमच्या सोफ्यावर, आणि मला सांगण्यात आलं की मी खाली बसावं.

आता बिअरचं म्हणाल, तर ती झाली शेवटी. डेक्लननं दुसरा ग्लास मागून घेतला, 'ग्रँड' म्हणाला. पण ती रविवारच्या दळणाची. शनिवारच्या दळणाचं काय झालं ते सांगतो, तेवढं राहिलंय.

संध्याकाळचे आठ वाजले असतील. जूनचे दिवस, बाहेर लख्ख ऊन. आप्पांनी शेडमध्ये धुंडाळून आधीच्या भाडेकरूनं टाकून दिलेला एक प्लास्टिकचा फलक काढला. निवडणुकीत इथं खांबाखांबांवर लावतात ना, उमेदवाराच्या तोंडाचे, तो. अंगणात बसून त्यांनी कात्री मागितली, चिकटपट्टी मागितली. टेप नाही, कोन नाही, कॉम्प्युटर नाही. डोळ्यांनी अंदाज घेतला, चार पाकळ्या कापल्या, दुमडल्या, चिकटवल्या. मी शेजारी बसून म्हणतोय, "आप्पा, झालं का? आप्पा, आणू का माल्ट? आप्पा, अजून किती?" चाळीस मिनिटांत हॉपर तयार. उमेदवाराचं अर्धं हसू एका बाजूला, अर्धं दुसऱ्या बाजूला.

बसवला गिरणीवर. मी अख्खे पाच किलो एकदम ओतले. ड्रिल लावलं, बटण दाबलं, आणि काय सांगू! दाणे असे उतरायला लागले, की जणू त्यांना घरी जायची घाई आहे. कुठे अडकणं नाही, थोपटणं नाही. उमेदवाराच्या दातांवरून माल्ट घसरतोय, रूळ करकरतायत, आप्पा वर बघतायत, मी वर बघतोय, मुग्धा दारातून वर बघतेय. तिघांची मान वर, जसं काही आकाशात विमानांची कसरत चाललीय. तीन मिनिटं! पाच किलो तीन मिनिटांत! मी ओरडलो, "आप्पा, जमलं!"

मग मला जाणवलं, पायांना काहीतरी मऊ मऊ लागतंय.

मी खाली पाहिलं. माझ्या सपाता दिसत नव्हत्या. घोट्यांपर्यंत भरड माल्ट साचला होता. काही फळ्यांच्या फटींतून शेडच्या खाली गेला होता, काही रंगाच्या उघड्या डब्यात.

"मंदार," मुग्धा म्हणाली, "खालची बादली कुठाय?"

बादली बाहेर अंगणात होती. पालथी. तिच्यावर बसूनच मी चाळीस मिनिटं आप्पांना घाई करत होतो.

आप्पांनी आधी त्या ढिगाकडे पाहिलं. मग उमेदवाराच्या हसऱ्या हॉपरवरून एकदा मायेनं हात फिरवला.

"यंत्र ब्येस जमलंय," म्हणाले. "मानूस तेवढा बदलाय पायजे."